आयसीयूतला पेशंट हलवायचं सिम्युलेशन ट्रेनिंग छोट्या हॉस्पिटलात कुणी घेतलंय का?

आयसीयू_सिस्टर, सांगली

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका ४० बेडच्या खाजगी हॉस्पिटलात आयसीयू सिस्टर आहे, ११ वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

मागच्या महिन्यात पन्नाशीतले एक शेतकरी काका आमच्याकडे व्हेंटिलेटरवर होते. दुपारी एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी दिसायला लागली म्हणून सरांनी ताबडतोब डोक्याचा सीटी स्कॅन सांगितला. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, सीटी तळमजल्यावर, अंतर म्हणाल तर दोन कॉरिडॉर आणि एक लिफ्ट, बास. पोर्टेबल व्हेंटिलेटर लावला, मॉनिटर पायाशी ठेवला, नॉरअॅडचा (बीपी टिकवायचं औषध) पंप उशाशी, सिलेंडर ट्रॉलीखाली आणि निघालो. लिफ्ट पहिल्या मजल्याजवळ आली असेल तेवढ्यात व्हेंटिलेटर ओरडायला लागला. सॅच्युरेशन ९६ चं ९१, मग ८६. मी आधी श्वासनळीतली ट्यूब बघितली, २२ च्या खुणेवर जागच्या जागी होती. छाती दोन्ही बाजूंनी हलत होती. ब्रदरनं खाली वाकून बघितलं तर सिलेंडरचा काटा पार तळाला.

मी व्हेंटिलेटर काढून अंबू, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबायला लागले पण ऑक्सिजनशिवाय अंबू म्हणजे साधी हवाच की. सीटीच्या दाराशी दुसरा भरलेला सिलेंडर उभा होता, तो उघडायची चावी मात्र वर आयसीयूत खिळ्याला अडकवलेली. वॉर्डबॉय मामा जिन्यानं पळत वर गेले आणि चावी घेऊन खाली आले, तेवढ्यात आकडा ७४ ला पोचलेला. किती वेळ गेला म्हणून विचाराल तर दोन-अडीच मिनिटंच गेली असतील, मला ती अजून संपल्यासारखी वाटत नाहीत.

काका वाचले. ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी काठी धरून का होईना स्वतःच्या पायानं घरी गेले, जाताना माझ्या हातावर पेढा ठेवला आणि तो माझ्या घशाखाली उतरेना.

सिलेंडर कुणी बघायचा होता? ब्रदरला वाटलं मी बघितला, मला वाटलं मामांनी, मामांना वाटलं सकाळच्या ड्युटीनं बदललाय. चौघंजण होतो आणि चौघंही कामाला चोख आहोत, हेच मला जास्त लागलंय.

तर अशा गोष्टीची आधी पुतळ्यावर प्रॅक्टिस करतात, सिम्युलेशन म्हणतात, हे वाचलं. वरिष्ठांना विचारलं तर उत्तर मिळालं की बाहुलीचा खेळ खेळायला आपल्याकडे वेळ पण नाही आणि पैसे पण नाहीत. माझे प्रश्न असे की महागडा पुतळा नसताना हे करता येतं का, सुरुवात कुठून करायची, आणि मामांना, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला यात घ्यायचं की फक्त डॉक्टर-सिस्टर? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

भूलवाला_मिरज

ताई, आधी हे मोकळेपणानं लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी मिरजेत भूलतज्ज्ञ आहे, असा रिकामा सिलेंडर मीही बघितलाय, आणि माझ्या ओळखीत असा एकही भूलतज्ज्ञ नाही ज्यानं तो बघितलेला नाही.

बाहुलीच्या खेळाबद्दल आधी बोलतो कारण ते मनाला लागलं. सीपीआर शिकायची ती प्रसिद्ध बाहुली, रेससी ॲन, १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल नावाच्या माणसानं बनवली आणि तो खरोखरच खेळणी बनवणारा होता. आज जगभरात लोक सीपीआर शिकतात ते तिच्यासारख्या बाहुल्यांवर. आणि विमानवाल्यांचं बघा, एडविन लिंकनं १९२९ च्या सुमारास लाकडी खोक्याचं विमान बनवलं, जमिनीवरच हलणारं, तेव्हा ते बरेचसे जत्रेतल्या करमणुकीसाठी विकले गेले. १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे हवाई टपाल सोपवलं, आणि खराब हवेत काही आठवड्यांतच बरेच पायलट गेले, मग त्याच सैन्यानं ती खोकी विकत घेतली. आमच्या भूलशास्त्रात हे आणलं ते स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबांनी, १९८० च्या दशकात, आणि त्यांनी पायलटांकडूनच आणखी एक गोष्ट उचलली, की अपघात बहुतेक वेळा ज्ञान कमी म्हणून होत नाहीत, टीममध्ये कुणी काय बघायचं आणि कुणी काय मोठ्यानं बोलायचं हे ठरलेलं नसतं म्हणून होतात. तुमचे ते चौघं चोख लोक, अगदी तेच.

आता पुतळा. लाखोंचा अजिबात नको. सीपीआरचा साधा धडवाला पुतळा बहुतेक ठिकाणी कपाटात पडून असतो, तो घ्या, त्याला ट्यूब लावा, चिकटपट्टीनं बांधा. पण तो हलका असतो आणि हलका पेशंट उचलायची सवय लागली तर उपयोग नाही, म्हणून चादरीत साखरेचं ५० किलोचं पोतं गुंडाळून ठेवा खाली. मॉनिटरचे आकडे दाखवणारी ॲप आहेत, एक टॅब ट्रॉलीवर ठेवायचा आणि दुसऱ्या फोनवरून आकडे खालीवर करायचे, झालं. मुख्य म्हणजे हे क्लासरूममध्ये करू नका. तुमच्याच आयसीयूतून, तुमच्याच लिफ्टमधून, तुमच्याच सीटीपर्यंत, ड्युटीच्या वेळेत, रोजच्या ट्रॉलीवर करा. खिळ्याला अडकवलेली चावी क्लासरूममध्ये कधीच सापडली नसती.

पहिला प्रसंग तुमचाच घ्या, लिफ्टमध्ये ऑक्सिजन संपतो. दुसरा, बेडवरून ट्रॉलीवर घेताना ट्यूब ओढली जाते. तिसरा, पंपाची बॅटरी जाते नि बीपी पडतं. एका वेळी एकच, दहा मिनिटांचा, आणि त्यानंतर वीस ते तीस मिनिटं बसून बोलायचं, खरं शिक्षण त्या बोलण्यात होतं. कुणी काय बघितलं, तेव्हा मनात काय चाललं होतं, हे ज्याचं त्यानं सांगायचं.

ऑक्सिजनचं गणित सगळ्यांकडून तोंडपाठ करून घ्या, मामांकडून सुद्धा. आपला बी टाइप सिलेंडर धरा, १० लिटरची टाकी, भरलेला असताना काटा १५० बारवर. १० गुणिले १५० म्हणजे १५०० लिटर. मिनिटाला १० लिटर जात असेल तर १५० मिनिटं, १५ जात असेल तर १००. काटा ५० वर आला की उरले ५००, म्हणजे १५ च्या हिशोबानं अर्ध्या तासाच्या जरा वर, आणि गॅसवर चालणारे काही व्हेंटिलेटर स्वतः चालायलाही ऑक्सिजन खातात ते वेगळंच. म्हणून जेवढा लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घेऊन निघायचं.

दोन गोष्टी मात्र अगदी डोक्यात ठेवा. सरावाच्या सिरिंजमध्ये साधं पाणी भरलंत तरी त्यावर लाल पेननं सराव असं लिहा आणि संपल्यावर मोजून कचऱ्यात टाका, ती सिरिंज खऱ्या ट्रेमध्ये गेली तर नवीनच संकट. आणि सरावाला मुद्दाम घेतलेला रिकामा सिलेंडर परत वॉर्डात जाऊ देऊ नका.

कराडची_मेट्रन

मिरजेच्या डॉक्टरांचं सगळं पटलं, फक्त एक अनुभव सांगते. आम्ही चार वर्षांपूर्वी हे सुरू केलं होतं आणि दोन वेळा झाल्यावर बंद पडलं. कारण पैसा नव्हता असं नाही. दुसऱ्या वेळी एका नवीन मुलीकडून सक्शनची (कफ ओढून काढायची) नळी जोडायची राहिली आणि नंतरच्या चर्चेत एका सिनियर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं, एवढं पण येत नाही का म्हणून. पुढच्या वेळी सगळ्यांना काही ना काही काम निघालं. ती मुलगी सहा महिन्यांत नोकरी सोडून गेली, चांगली होती हो.

म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगा की इथं चुका करायलाच जमलोय, हजेरीत, इन्क्रिमेंटमध्ये, गोपनीय अहवालात यातलं काही जाणार नाही. आणि चर्चा घेणारा माणूस शांत डोक्याचा निवडा, पद मोठं असलेला नको. पहिल्या वेळी सरांनाच चुकायला लावा. एकदा सर म्हणाले की अरे मी मॉनिटरकडे बघितलंच नाही, की बाकीचे आपोआप बोलायला लागतात.

घाटातला_डॉक्टर, सातारा

मी बीएएमएस, आधी १०८ वर काढली काही वर्षं, आता खाजगी कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर. लिफ्ट, कॉरिडॉरबद्दल वर छान लिहिलंय पण पेशंट गाडीत चढला की खेळ वेगळा होतो त्याबद्दल लिहितो, कारण हॉस्पिटलवाल्यांचा सराव दारातच संपतो असं मी बघितलंय.

साताऱ्याहून पुण्याला नेताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की ते एस वळण, उतार, शेजारून ट्रेलर, तिथं तुम्ही उभं राहून अंबू दाबत असाल तर तुम्ही पेशंटच्या अंगावर पडणार आणि पडताना तुमच्या हातात ट्यूबच असणार. पाचगणीहून वाईला पसरणी घाटानं उतरताना तर पंधरा-वीस मिनिटं हेच. गाडीत स्टेथोस्कोपनं काही ऐकू येत नाही, इंजिन आणि सायरनमध्ये दोन्ही बाजूंना हवा जाते का हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणून ट्यूबवालं पेशंट असेल तर कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, लागतोच, ट्यूब निसटली तर त्याची लाट लगेच जाते, सॅच्युरेशन बऱ्याच वेळानं पडायला लागतं, तोवर उशीर झालेला असतो.

आम्ही सराव असा केला. आधी उभ्या गाडीत, बेल्ट लावून बसल्या जागेवरून हात कुठवर पोचतो ते बघितलं. अंबू पोचत नव्हता, सक्शन पायाशी, औषधांची पेटी मागच्या दाराला. सगळी जागा बदलली. मग रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर पुतळा घेऊन गाडी चालवली आणि ड्रायव्हर दादांना सांगितलं की वळण, स्पीड ब्रेकर, ब्रेक, तिन्ही आधी ओरडून सांगायचं. दादा आमचे वीस वर्षांचे जुने पण त्यांना कधी कुणी मागं बसवलं नव्हतं, त्या दिवशी मी त्यांना पुतळ्याशेजारी बसवून दुसऱ्याला गाडी चालवायला दिली. उतरल्यावर ते पाच मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले की डॉक्टर, मी आजवर लवकर पोचवतोय याचंच समाधान मानत होतो. तेव्हापासून मागून हाक मारायच्या आत ते स्वतः विचारतात की थांबू का. आणि थांबायचं, बाजूला घेऊन थांबायचं, ट्यूब निसटल्यावर चालत्या गाडीत परत टाकायचा हट्ट करायचा नाही. घाट लागायच्या आधी दोन मिनिटं गाडी उभी करून ट्यूब, काटा, पंप, सलाईन बघून घ्यायचं हे पण आता ठरूनच गेलंय.

अजून एक, गाडीतल्या इन्व्हर्टरच्या सॉकेटला तुमच्या पंपाची पिन बसते का हे एकदा जाऊन बघा. आमच्याकडे बसत नव्हती आणि हे भर रात्री शिरवळच्या अलीकडं कळलं.

मामा_वॉर्डबॉय

मी वॉर्डबॉय हाय, बोलून टाइप करतोय, चुकलं तर समजून घ्या. २२ वर्सं झाली ट्रॉली ओढतोय. सिस्टरनी इचारलंय मामांना घ्यायचं का म्हणून सांगतो, घ्या. आमाला कुनी सांगत न्हाई पेशंटला काय झालंय, नुसतं म्हनतात चला लवकर. लिफ्टचा उंबरा आन् मजल्याची फरशी यात बोटभर फट असती, तिथं म्होरली चाकं आपटली की पेशंटचं डोकं हलतंय आन् नळी बी हलती. मी चाक आडवं करून एकेक उतरवतो, पन नव्या पोरास्नी हे कोन शिकीवनार. ट्रॉलीचा ब्रेक बेडवर घेताना एकानं दाबायचा, त्याचं नाव आधी घ्यायचं, आमच्याकडं एकदा ट्रॉली सरकली आन् पेशंट मधीच लोंबला. आन् मोजून उचलायचं, एक दोन तीन म्हनून, पन तीन म्हनताना का तीन झाल्यावर हे आधी ठरवा. डोस्क्याकडं उभा असंल त्यानंच मोजायचं.

सिलेंडर बघायची सवय मला हाय, पन मी बोललो तर कोन ऐकंल असं वाटायचं. आता बोलतो.

भूलवाला_मिरज

मामा, डोक्याकडं उभा असेल त्यानंच मोजायचं, हे आम्ही पुस्तकातून शिकलो, तुम्ही ट्रॉली ओढता ओढता. ट्यूब ज्याच्या हातात तोच मोजतो, कारण ती सांभाळणारा तयार नसताना बाकीच्यांनी उचलायचं नाही. ताई, तुमच्या पहिल्या सरावात मामांना शेवटी नाही, पहिलं बोलायला सांगा.

जतकर

मी डॉक्टर वगैरे नाही. माझ्या वडिलांना जतहून मिरजेला नेलं होतं दोन वर्षांपूर्वी, हार्ट अटॅकनंतर. गाडीत डॉक्टर नव्हते, एक मुलगा होता, वय वीस-बावीस. कवठेमहांकाळच्या पुढं त्यानं मला सांगितलं दादा हे जरा धरा, आणि अंबू माझ्या हातात दिला. मी किती जोरात दाबायचं विचारलं तर म्हणाला श्वास घेतो तसं. मी मिरजेपर्यंत दाबत गेलो, मध्ये मध्ये जोरात दाबला गेला असेल, मला माहीत नाही. वडील दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टरांनी सांगितलं की हार्ट फारच खराब झालं होतं, तुझ्यामुळं काही नाही. मी ते मान्य करतो पण रात्री हात आपोआप दाबल्यासारखा होतो.

त्या मुलावर माझा राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तुम्ही लोक हे जे करताय त्यात अशा गाडीवरच्या पोरांना पण बोलवा ही विनंती. आणि निघायच्या आधी नातेवाइकांना कुणीतरी एक माणूस पाच वाक्यं सांगू दे, की कुठं नेतोय, का नेतोय, वाटेत काय होऊ शकतं.

भूलवाला_मिरज

दादा, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं मानायला हरकत नाही. हार्ट अटॅकनंतर ज्या माणसाला वाटेत अंबू लागतो त्याचं हृदय बहुतेकदा आधीच फार थकलेलं असतं. कुणाच्या तरी हातात तो असायलाच हवा होता, त्या गाडीत तुम्ही होतात. बाकी तुमची विनंती मी आमच्या इथल्या ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या ग्रुपवर आजच टाकतो.

आयसीयू_सिस्टर, सांगली

तीन आठवड्यांनी परत आलेय. सगळ्यांचं वाचून आमच्या सरांना दाखवलं, जतच्या दादांचं वाचून सर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, गुरुवारी घेऊ.

गुरुवारी तीन वाजता घेतलं. पुतळा कपाटातच होता, धूळ पुसली, पोतं कँटीनमधून आणलं. मामा, ब्रदर, मी, सर आणि एक नवीन सिस्टर. आयसीयू ते सीटी चौदा मिनिटं लागली, मला तीनच वाटायची. लिफ्टमध्ये टॅबवर आकडे पडायला लागले तेव्हा पुतळाच आहे हे माहीत असून माझे हात गार पडले. पण या वेळी मामा बोलले, काटा बघा म्हणून, मोठ्यानं.

काय काय सापडलं ते सांगते. लिफ्टचं दार आत ट्रॉली असताना दोनदा मिटलं, सेन्सर बंद आहे, माणूस बोलावलाय. सीटीच्या खोलीत भिंतीवरचा ऑक्सिजन पॉइंट मशिनच्या पलीकडच्या बाजूला आहे, आमची नळी तिथवर पोचतच नाही, लांब नळी मागवली. मॉनिटर पेशंटच्या पायाशी ठेवला की डोक्याकडच्या माणसाला आकडे दिसत नाहीत, हे ११ वर्षांत मला कधी खटकलं नव्हतं. नवीन सिस्टरला नॉरअॅड संपत आल्याचं दिसलं होतं पण तिनं सांगितलं नाही, सर बोलत होते म्हणून थांबली, हे तिनं चर्चेत स्वतः सांगितलं. सर म्हणाले, पुढच्या वेळी माझं बोलणं तोड.

चावी आता प्रत्येक सिलेंडरला साखळीनं बांधलीय. निघायच्या आधी मामा काटा किती ते ओरडून सांगतात आणि मी तो आकडा परत म्हणते, मगच ट्रॉली हलते.

पुढच्या गुरुवारी ॲम्ब्युलन्सचं आहे, ड्रायव्हर दादा आणि गाडीवरचा पोरगा दोघं येणार आहेत. मिरजेचे डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. सरावात पंप बेडच्या रॉडवरून काढून ट्रॉलीवर उशाशी ठेवला, तेव्हा सर म्हणाले की उंची बदलताना जपून. ते का?

भूलवाला_मिरज

कारण सिरिंज पंप पेशंटच्या मानानं एकदम वर उचलला की नळीतलं थोडं औषध जादा आत जातं आणि एकदम खाली घेतला की थोडा वेळ जायचंच थांबतं, उलटं रक्तही नळीत येतं. सलाईनचं असतं तर काही बिघडलं नसतं, पण नॉरअॅड असेल तर तेवढ्यानं बीपी आधी उडतं नाहीतर पडतं, आणि आपण समजतो पेशंट बिघडला. पंप शक्यतो पेशंटच्या छातीच्या उंचीला ठेवा, उचलायचा झाला तर सावकाश, आणि हलवल्यावर दोन मिनिटं बीपीवर नजर. गाडीत चढवताना स्ट्रेचर वर जातो आणि पंप कुणाच्या तरी हातात खालीच राहतो, गुरुवारी तेवढं बघून ठेवा. मी तीनला येतो, मिरजेहून अर्धा तास धरतोय, फाटक पडलं असेल तर थोडं थांबा माझ्यासाठी.